खंड्याची ऐरण

अक्कानं दाजींच्या ऐरणीवर लोणच्याची बरणी ठेवली आणि माझ्या अंदमानच्या प्रवासाला जोडीदार मिळाला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल.

अक्का माझी थोरली बहीण, हुपरीला दिलेली. दाजी तिचे यजमान, चांदीचे कारागीर. हुपरीत घरटी चांदीचं काम चालतं, पण दाजींचं पैंजण दहा पैंजणांत ओळखू यायचं. चाळीसएक वर्षं हा माणूस एकाच ऐरणीपुढं मांडी घालून बसला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, आमच्या विनूनं, मागच्या खोलीत पैंजणं घडवायचं मशीन बसवलं. दाजींचं आठवड्याचं काम मशीन जेवणाच्या सुट्टीत उरकायला लागलं. विनू वडलांना एका शब्दानं काही बोलला नाही. दाजींनीच एक दिवस ऐरण उचलून परसात नेऊन ठेवली, "झालं आमचं" म्हणाले आणि घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले. तेव्हापासून ते सोप्यातच होते, टीव्ही लावून आणि टीव्हीकडं न बघता.

एके सकाळी अक्काचा फोन आला. तिच्या लेखी मी अजून लहानपणची सुनीच. "सुने, आज मी त्यांच्या ऐरणीवर लोणच्याची बरणी ठेवली. मुद्दाम. म्हटलं, भांडतील तरी माझ्याशी. बघितलं आणि गप निघून गेले की गं! जेवणात मीठ कमी पडलं तर गल्ली गोळा करणारा माणूस ह्यो. तू कुठं त्या बेटावर चाललीयास न्हवं? घिऊन जा ह्यांना."

"अगं, मी पक्षी बघायला चाललीय. आणि दाजींना घेऊन? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, माझ्या नवऱ्याला पळवून न्यायला अजून कुणी जन्मलं न्हाय."

मी कोल्हापुरात कळंब्याला राहते, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि सकाळी कळंबा तलावावर दुर्बीण घेऊन फिरते. तिथले फिरायला येणारे लोक मला 'दुर्बीणवाल्या बाई' म्हणतात, आणि माझी त्याला काही हरकत नाही. सगळे पक्षी मला प्रिय आहेत, पण खंड्या म्हटलं की माझा जीव की प्राण. आपल्या देशात बारा जातींचे खंड्ये आहेत. अकरा मी बघितलेत. बारावा, सगळ्यांत लाजाळू, ईशान्येच्या जंगलात आणि अंदमानच्या बेटांवर राहतो. आम्ही आपले त्याला तांबडा खंड्या म्हणतो. ह्या बाराव्यानं मला वीस वर्षं झुलवत ठेवलं होतं. माझ्या यजमानांना विमानाची भीती, त्यामुळं एकटीनंच जायचं ठरलं होतं. आता दोघांचं तिकीट काढलं. मला पक्षी हवा होता आणि अक्काला तिचा भांडणारा नवरा परत हवा होता.

उजळाईवाडी

कोल्हापूरच्या विमानतळावर दाजींची पिशवी तपासायच्या यंत्रातून गेली आणि पुन्हा मागं आली. आमचा पहिला घोटाळा तिथंच झाला. पट्ट्यामागच्या जवानानं पिशवीत हात घातला. आधी निघाला भडंगाचा पुडा. मग कांदा-लसणाच्या चटणीचा डबा. मग तळातून एक छोटी हातोडी निघाली, दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"ये क्या है?" जवानानं विचारलं.

"पावणं, माझ्या वडलांची हाय ती. तिनं आजवर चांदी सोडून कुणाला मारलं न्हाय."

जवान हसला, पण हातोडी काही सोडेना. शेवटी मी धावत सामानाच्या खिडकीकडं गेले, हातापाया पडून मोठी बॅग परत उघडून घेतली आणि तिच्यात ती हातोडी माझ्या कपड्यांत गुंडाळून ठेवली. परत आले तेव्हा धाप लागली होती.

"दाजी, काम सोडलं म्हणता, मग हातोडी कशाला घेतलीत?"

"असू दे की. बॅगेत काय खायला मागती व्हय ती?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. विषय संपला. मी मात्र ती गोष्ट मनात नोंदवून ठेवली.

चिडिया टापू, पहिला दिवस

मधला प्रवास सांगण्यासारखा नाही. दोन विमानं, एक कोरडं सँडविच, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला दाजींनी खिलवलेलं भडंग, एवढंच. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, उतरलो आणि गाडीनं बेटाच्या दक्षिण टोकाला चिडिया टापूला गेलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि मधल्या खाडीत तिवरांची झाडं पाण्यात पाय रोवून उभी. तिथं निर्मलदाच्या घरी आमची उतरायची सोय होती. चाळिशीचा, सडसडीत, हळू बोलणारा हा माणूस. आजोबा बंगालमधून जहाजानं इथं येऊन वसले, नातवाला सगळं जंगल पाठ. तो पाहुण्यांना पक्षी दाखवतो आणि त्याची बायको मालती त्यांना जेवू घालते.

इथला सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. आपल्याकडं त्या थंडीच्या दिवसांत सूर्य उगवायला सात वाजत येतात. इथं साडेपाचला ऊन अंगणात आलेलं, आणि संध्याकाळी साडेपाचला पुन्हा दिवे लावायची वेळ. दाजींनी आपलं घड्याळ कानाला लावून बघितलं. "चालू हाय," म्हणाले, "म्हंजे सूर्यच बिघडलाय."

पहिल्या सकाळी घरासमोरच्या तारेवरच खंड्या बसला होता, पण तो बारावा नव्हे. हा निळसर हिरवा, गळ्याभोवती पांढरीशुभ्र पट्टी, धोतर-उपरण्यात लग्नाला निघालेल्या माणसासारखा टापटीप. हा बेटांवरचा अगदी नेहमीचा. त्याचे भाऊबंद तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेत, आणि बेटागणिक त्यांचा रंग, आकार, आवाज थोडाथोडा बदलतो. मी हे दाजींना समजावून सांगत होते. तेवढ्यात तो तारेवरून सुटला, ओहोटीच्या चिखलात उतरला आणि एक खेकडा उचलून फांदीवर आला.

"सुने! त्यो बघ! खेकडा धरला की त्यानं!"

दाजींचा आवाज चाळीस वर्षं ऐरणींच्या ठणठणाटावर चढवून चढवून तयार झालेला. खंड्या खेकड्यासकट खाडीपार गेला. त्याच्याबरोबर दोन बगळे गेले, आणि मालतीच्या कोंबड्या अंगणात उगाच सैरावैरा धावल्या.

"अंकल, थोड़ा धीरे," निर्मलदा अगदी अदबीनं म्हणाला.

"हळूच बोललो की!" दाजी म्हणाले, आणि खरंच त्यांच्या हिशेबानं ते हळूच बोलले होते.

खंड्या म्हणजे मासे खाणारा, असं आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. खरं तर अर्ध्याअधिक खंड्यांचा माशांशी फारसा संबंध नसतो. कळंब्याचा आपला पांढऱ्या छातीचा खंड्या सुद्धा पाण्यापेक्षा शेताच्या बांधावर जास्त दिसतो, सरडे आणि नाकतोडे पकडताना. निर्मलदानं दुपारी आम्हाला एक झाड दाखवलं. त्याच्या खोडावर उंच वाळवीचं काळपट घरटं होतं, मोठ्या कलिंगडाएवढं, आणि त्याला मधोमध एक गोल भोक. ते त्याच पांढऱ्या पट्टीवाल्या खंड्याचं घर. नर-मादी लांबून उडत येऊन चोचीनं त्या घरट्यावर धडका मारतात, माती थोडी फुटली की मग चिकटून बसून आत बोगदा कोरतात. वाळवी बिचारी आपल्या बाजूनं भिंत लिंपून घेते आणि दोन्ही बिऱ्हाडं एका घरात सुखानं नांदतात.

"चोचीनं भोक पाडत्यात?" दाजींनी मान वर करून बराच वेळ बघितलं. "गोल किती नेमकं आलंय बघ. कंपास लावल्यागत." दोन वर्षांत त्यांनी कुठल्याही वस्तूला चांगलं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

जेवायला मालतीनं मोहरीच्या वाटणातला मासा केला होता. दाजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "तिखट कुठं हाय?" मी टेबलाखालून पाय मारला, पण उशीर झाला होता. चटणीचा डबा बाहेर आला. मालतीनं चमचाभर चटणी भातावर घेतली, एक घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्याली. मग नाक पुसत पुसत तिनं पुन्हा डबा पुढं ओढला. दाजी धन्य झाले. तिखट खाऊन रडणारा माणूस कोल्हापूरकराला नेहमीच आपला वाटतो.

दुसरा दिवस

आमच्या हातात फक्त तीन दिवस होते. तिसऱ्या दिवशी दुपारी परतीचं विमान. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच निर्मलदा आम्हाला जंगलात घेऊन गेला. उंच उंच झाडं, खाली ओलसर अंधार, आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रातून वाट. एका वळणावर तो थांबला आणि खाली बोट दाखवलं.

पाटाएवढा सपाट दगड. त्याच्याभोवती गोगलगायींच्या फुटलेल्या शंखांचा सडा पडला होता, काही जुने, पांढरे पडलेले, काही कालपरवाचे, तपकिरी, चकाकणारे.

निर्मलदा कुजबुजला, "यही है उसका जगह. घोंघा लाता है, पत्थर पर मारता है, तोड़ता है, खाता है. तीन साल से देख रहा हूँ, इसी पत्थर पर."

मी तिथंच उकिडवी बसले. तांबडा खंड्या गोगलगायी दगडावर आपटून फोडतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात सांगितलंही होतं. तो दगड बघायला मिळेल, असं कधी वाटलं नव्हतं.

दाजी खाली वाकले. "म्हंजे ही ऐरण हाय की त्याची," ते म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात म्हणाले.

आम्ही झुडपाआड बसलो. तासाभरानं लांबून हाक ऐकू आली, थरथरत वरून खाली उतरत जाणारी. तोच! निर्मलदानं मला खूण केली. आवाजाच्या दिशेनं दबकत जाऊन बघायचं ठरलं. दाजींचे गुडघे ओढ्याच्या दगडांवरून चालायला कुरकुरत होते, म्हणून त्यांना तिथंच झुडपाआड बसायला सांगितलं. "हलू नका, बोलू नका," मी बजावलं. त्यांनी आज्ञाधारकपणे मान हलवली.

पाऊण तास आम्ही आवाजामागं फिरलो. पक्षी नुसता पुढं पुढं सरकत राहिला, पीसही दिसलं नाही. हात हलवत परत आलो आणि समोरचं दृश्य बघून निर्मलदा जागीच खिळला.

दगड बाटलीतल्या पाण्यानं धुऊन पुसून लख्ख केलेला होता. आजूबाजूचा एकही शंख जागेवर नव्हता. सगळे गोळा होऊन दाजींच्या रुमालात नीट गाठ मारून ठेवले होते. आणि दगडाच्या एका कोपऱ्याखाली लाकडाची ढलपी खोचली होती.

दाजी ओल्या पंच्यानं हात पुसत म्हणाले, "हलत होता गं. हलत्या ऐरणीवर काम व्हतंय व्हय? पाचर मारली. आणि कचरा तर किती! आमच्यात ऐरणीभवतीची धूळसुद्धा झाडून डब्यात ठेवत्यात, कण वाया जायला नको म्हणून."

निर्मलदा चिडणाऱ्यांतला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "दीदी, ये पंछी बहुत डरता है. जगह ज़रा भी बदला, तो कई दिन नहीं आता."

आणि मी, ज्या बाईनं वर्गात कधी आवाज चढवला नाही ती मी, तिथं जंगलात कडाडले. "वीस वर्षं वाट बघतेय मी ह्या पक्ष्याची! उद्या निघायचंय आपल्याला! स्वतःचं काम सोडून बसलात ना दोन वर्षं? मग ह्याच्या कामात हात घालायला कुणी सांगितलं होतं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. दाजी काही बोलले नाहीत. ओढ्यातून परत येताना नाहीत, घरी आल्यावर नाहीत. जेवताना चटणीचा डबा मागितला नाही. मला पक्षी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त अक्काला आता काय तोंड दाखवू, ह्याचं होतं. तिनं गप झालेला माणूस मला दिला होता आणि मी त्याला आणखी गप करून परत नेणार होते.

तीन वाजता दाजी निर्मलदासमोर जाऊन उभे राहिले. हातात रुमालाचं गाठोडं होतं. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' जोडलेलं. "पावणं, गलती हो गया है. दुसऱ्याच्या ऐरणीला न इचारता हात नहीं लगाने का, ऐसा हमारे में है. मैं लगाया. मेरे को वहाँ लेके चलो. सगळं होतं तसं ठेवता है."

"अंकल, कैसे रखेंगे? सौ टुकड़े हैं."

"ठेवता है," दाजी म्हणाले.

आम्ही गेलो. पुढचा अर्धा तास मी जे बघितलं, ते कधी विसरणार नाही. दाजी दगडापुढं मांडी घालून बसले, जसे हुपरीत बसायचे तसेच, डावा गुडघा थोडा वर. आधी पाचर काढली. मग रुमाल उघडून एकेक शंख उचलायचा, क्षणभर बोटांत फिरवायचा आणि ठेवायचा. हा इथं, उताणा. हा त्याच्या शेजारी, तोंड ओढ्याकडं. हा मोडका दगडाच्या फटीत. निर्मलदाच्या फोनमध्ये त्या जागेचा जुना फोटो होता, त्याच्याशी तो ताडून बघत होता. बघता बघता त्यानं फोन खिशात ठेवून दिला.

"याद कैसे रहा?" त्यानं विचारलं.

"चाळीस वर्षं नक्षी केलीया, पावणं," दाजी म्हणाले. "एकदा बघितली की बोटांत ऱ्हाती."

शेवटची सकाळ

अंधारात जाऊन आम्ही त्याच झुडपाआड बसलो. उजाडलं. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं. दगड तसाच, शंख तसेच, पक्षी नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले. निर्मलदानं माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली. मी मनात बाराव्या खंड्याला नमस्कार केला आणि पाण्याची बाटली पिशवीत भरायला घेतली.

तेवढ्यात दाजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट वर करून ते ऐकत होते. मला काही ऐकू येईना. निर्मलदालाही नाही. पानांवरून दव टपकत होतं, लांब कुठंतरी पोपट ओरडत होते. दाजी आदल्या दिवसापासून फारसे बोलले नव्हते, आणि बहुतेक त्याच्यामुळंच त्यांचे कान मोकळे झाले होते.

"ठोका," ते कुजबुजले. हो, कुजबुजले! "तिकडं. वरच्या अंगाला."

आता मलाही ऐकू आलं. ठक, ठक, ठक. मग थांबणं. पुन्हा ठक, ठक, ठक.

"तीन मारतोय आन् थांबतोय. थांबतोय तवा वस्तू फिरवून धरतोय. दुसरी ऐरण हाय त्याची. चांगल्या कारागिराकडं एकच ऐरण असती व्हय?"

दाजी पुढं, मी मागं, निर्मलदा त्याच्या मागं, असे आम्ही ओढ्यातून वर सरकलो. वाट दाखवणारा शेवटी होता आणि पावणा सगळ्यांत पुढं. दाजींचे गुडघे त्या दिवशी कुरकुरले नाहीत. दर थांब्याला ते थांबायचे, ठोका पडला की पाऊल टाकायचे. एका पडलेल्या खोडाआड आम्ही खाली बसलो आणि पानांच्या फटीतून बघितलं.

ओढ्याच्या काठी मुळांमध्ये अडकलेला एक काळा दगड. त्यावर तो! अंगभर तांबूस केशरी, पाठीवर जांभळी झाक, आणि भलीमोठी लालभडक चोच, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखी. चोचीत छोटी गोगलगाय. मान उजवीकडं नेऊन त्यानं ती दगडावर हाणली, तीन वेळा. थांबला. चोचीतल्या चोचीत शंख फिरवला, नवी बाजू खाली आणली. पुन्हा तीन.

माझे डोळे भरून आल्यामुळं दुर्बिणीतून सगळं धूसर दिसत होतं. मी दुर्बीण दाजींच्या हातात दिली. बारावा खंड्या मी उघड्या डोळ्यांनीच बघितला, आणि माझं काहीही बिघडलं नाही.

दुर्बिणीला डोळे लावून दाजी पुटपुटत होते. "मान बघ गं त्याची. सगळा जोर मानंत हाय, अंग हालत न्हाय. नवशिक्या असता तर सगळं अंग घातलं असतं. वयस्कर दिसतोय... घाई न्हाय... आता फुटंल बघ. ह्या ठोक्याला फुटंल."

त्या ठोक्याला शंख फुटला. खंड्यानं मऊ गोगलगाय बाहेर ओढली, एकदा झटकली, गिळली आणि चोच दगडावर दोन्ही बाजूंनी घासून पुसली. मग तो उडाला. उडताना शेपटीच्या वर फिक्या निळ्या रंगाचा एक तुकडा क्षणभर चमकला आणि झाडांखालच्या अंधारात दिसेनासा झाला. पक्ष्याचं वय असं लांबून सांगता येत नाही, हे जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

"चोच पुसली," दाजी म्हणाले. "बघितलंस? काम झाल्यावर हत्यार पुसलं त्यानं."

निर्मलदानं दाजींचा हात धरला आणि सोडेचना. तीन वर्षांत त्याला ह्या दुसऱ्या दगडाचा पत्ता लागला नव्हता. फोटो मात्र आमच्यापैकी कुणीच काढला नाही. तिघांच्याही लक्षात आलं ते घराच्या फाटकाशी आल्यावर. मग आम्ही एवढे हसलो की मालती घाबरून बाहेर आली. निघताना तिनं रिकामा चटणीचा डबा नारळाच्या वड्यांनी भरून दिला, आणि चटणीच्या रेसिपीच्या बदल्यात वड्यांची रेसिपी असा व्यवहार माझ्या आणि तिच्यात पूर्ण झाला.

परतीच्या विमानात दाजींनी हवाईसुंदरीकडून पेन मागून घेतलं. बोर्डिंग पासच्या पाठीवर ते काहीतरी काढत बसले. मी तिरक्या नजरेनं बघितलं, तर गोल गोल वळसे होते, एकात एक. मी काही विचारलं नाही. ह्या प्रवासात मी तोंड बंद ठेवायला शिकले, ते असं उशिरा.

कळंबा

येऊन आठ दिवस झाले. तलावावर फिरून आले आणि चहा ठेवून अक्काला फोन लावला. मनातून धाकधूक होतीच. घरी सोडल्यापासून दाजी पुन्हा सोप्यात बसले असतील, तर मला ते ऐकायचं नव्हतं.

अक्कानं फोन उचलला तोच तणतणत. "तुझ्याच नावानं खडे फोडत होते मी. पहाटं पाचपास्नं सासऱ्यांची हातोडी घिऊन ठोकत बसल्यात. चार दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाय माझ्या. काय करत्यात इचार की! घुंगराच्या जागी चांदीच्या गोगलगाई! पोकळ, आत मणी. अगं, पायात गोगलगाई कोण घालणार?"

"मी घालीन," मी म्हणाले. "आणि लोणच्याची बरणी?"

"ती फेकून दिली असती तर बरं! माझ्या देवळीत आणून ठेवलीया, देवाम्होरं. वर मलाच म्हणत्यात, दुसऱ्याच्या ऐरणीला न इचारता हात लावायचा नस्तोय. त्यावरनं काल दोन तास भांडण झालं आमचं. सगळी गल्ली गोळा."

"मग काय करू? परत नेऊ त्यांना?"

"ने आणि तिकडंच सोडून ये!"

असं म्हणाली खरी, पण फोन काही तिनं ठेवला नाही. चालल्याचा आवाज आला, परसदाराची कडी निघाल्याचा आला. मग तिनं फोन ऐरणीकडं धरला असावा, कारण मला स्वच्छ ऐकू आलं. तीन ठोके, मग थांबणं. पुन्हा तीन ठोके. चहा उतू गेला तरी मी ऐकत उभी राहिले.